दोन चिठ्ठ्यांची गोणी

१

दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर आली की शहाण्या माणसाने काय करावं? पेपर तपासून गठ्ठा बांधावा, कपाटाला कुलूप घालावं आणि स्वारगेट गाठावं. डॉ. सत्यशीला बेलसरे यांचा बेत एवढाच होता. कोल्हापूरला बहीण चकलीची भाजणी दळून वाट बघत होती. पण बेत आपण करायचे आणि विभागाने मोडायचे, ही इथली जुनी पद्धत.

बुधवारी सकाळी फाटकातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच डॉ. सर्जेराव जाचक आडवे आले. हे पुरातत्त्व विभागाचे प्रमुख. आडनाव वाडवडलांकडून आलेलं की स्वतः कमावलेलं, याबद्दल विभागात दोन मतं होती.

"सत्यशीलाबाई, किल्ला बघितलात का?"

न बघून सांगते कोणाला! विभागाच्या दारातच, पायरीला लागून, कमरेइतका मातीचा किल्ला उभा होता. दिवाळीत पोरासोरांनी अंगणात किल्ला करावा ही पुण्याची रीत. साठीला टेकलेल्या प्रमुखांनी करावा ही या विभागाची. तटांवर पेरलेले हळीव उगवून हिरवेगार झाले होते, खाली रंगवलेल्या भुशाची शेतं होती, बुरुजाबुरुजावर प्लास्टरचे मावळे भाले घेऊन उभे होते. शुक्रवारी संध्याकाळी पेठेतल्या मंडळाचे परीक्षक येणार होते, आणि जाचकांचा गेल्या साली दुसरा नंबर आला होता. ते दुःख त्यांना वर्षभर पुरलं होतं.

"बालेकिल्ल्याचा रंग बघा. बाकी सगळा तांबडा आणि वर कसा राखाडी, अस्सल दगडासारखा! रंग लावलेला नाही हं. माती मुळातच तशी."

"सुरेख आहे. माझ्या पेपरांवर तुमच्या सह्या..."

"आणि ती माची!"

सह्यांचं राहिलंच. माचीचं कौतुक अर्ध्यावर असतानाच मागच्या अंगणातून हाक आली. हाक कसली, रडंच ते.

"मॅडम! लवकर या जी!"

बाईंनी एक सुस्कारा सोडला. "जी" म्हणजे उत्कर्षा. म्हणजे नमुने. म्हणजे गेली आजची दुपार.

२

उत्कर्षा टेंभरे, गोंदियाची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यातल्या उत्खननात तिने तीन हजार वर्षांपूर्वीची एक चूल उकरून काढली होती आणि चुलीतली राखमिश्रित माती तीन गोण्यांत भरून आणली होती. काम सोपं आणि कंटाळवाणं. माती पाण्याच्या पिंपात सोडायची, जळके दाणे वर तरंगतात, ते चाळणीत धरायचे आणि त्या काळचे लोक काय शिजवत होते ते सांगायचं. पहिल्या दोन गोण्यांत जव आणि कुळीथ निघाले होते. तिसरी आज. शुक्रवारी दुपारी तोंडी परीक्षा, रात्री गोंदियाची गाडी, असा तिचा हिशेब होता.

आता ती पिंपाशी चाळणी धरून उभी होती आणि चाळणीत लालसर, बुळबुळीत दाण्यांचा लगदा साचला होता. बाईंनी थोडा बोटावर घेतला. शंकाच नको. हळीव. कच्चे, पाण्यात फुगलेले.

"तीन हजार वर्षांपूर्वी लाडू वळत होते वाटतं," बाई म्हणाल्या, आणि पोरीचा चेहरा बघून लगेच वरमल्या.

बघता बघता गर्दी जमली. उत्कर्षाची वर्गमैत्रीण नम्रता डबा हातात घेऊनच आली. डब्यात होते हळिवाचे लाडू. सगळ्यांच्या नजरा डब्यावर गेल्या तशी तिने झाकण घट्ट लावलं.

"ए, काहीही काय! मी पिंपाच्या जवळपाससुद्धा खात नाही!"

"सांडला असेल गं एखादा, चुकून," संशोधन सहायक अभिनव म्हणाला. पोरांना खोदकाम शिकवणं आणि भांडारात ने-आण करणं त्याच्याकडे होतं.

"एका लाडवात एवढे हळीव?" भांडार सांभाळणारे मैनुद्दीनभाई तांबोळी पुटपुटले. "लाडू होता की नारळ?"

तेवढ्यात मागून जाचकांचा आवाज आला.

"लाडूबिडू काही नाही. हिची खरी माती कुठेतरी गहाळ झाली, आणि हिने गोणीत दुसरी माती भरून आणली. हा बनावट पुरावा आहे. शुक्रवारी बाहेरच्या परीक्षक येतील, त्यांच्यासमोर मी हेच सांगणार. सेमिस्टर रद्द!"

असं म्हणून ते किल्ल्याला पाणी घालायला निघून गेले.

उत्कर्षा मट्‌कन ओट्यावर बसली. "सर मला खोटारडी म्हणून राहिले, मॅडम. मी काहीच केलं नाही जी."

नापास झालेला पोरगा पुन्हा परीक्षेला बसतो. पण या धंद्यात नावाला एकदा "बनावट" हा शब्द चिकटला की कुणी खड्ड्याच्या काठावरसुद्धा उभं करत नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. हिवाळ्यातल्या उत्खननासाठी एकच जागा होती आणि ती या मुलीला मिळावी असं त्यांनी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

"रडू नकोस. रडून माती परत येत नाही," त्या चिडून म्हणाल्या. चीड पोरीवर नव्हती, पण समोर तीच होती. "गोणी आण ती. रिकामी."

३

गोणी खताची, पांढरी, विभागातल्या बाकी सगळ्या गोण्यांसारखीच. तोंडाशी सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती. अक्षर उत्कर्षाचंच.

"ओतताना तुला काही वेगळं वाटलं नाही?"

"माती जरा तांबूस होती. पण चुलीच्या कडेची माती भाजून तांबडीच होते ना मॅडम, मला वाटलं तीच असेल."

उत्तर बरोबर होतं, म्हणून बाईंना आणखीनच वैताग आला. चूक शोधावी तर ती पुस्तकातल्या नियमाप्रमाणे केलेली!

"आणि आतली चिठ्ठी?"

उत्कर्षा दचकली. खोदकामात गोणीला दोन चिठ्ठ्या असतात. एक बाहेर बांधलेली. दुसरी प्लास्टिकच्या पाकिटात घालून मातीच्या पोटात पुरलेली. बाहेरची तुटते, उंदीर खातात, ऊनपावसात पुसते. आतली टिकते. पहिल्या दिवसापासून पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडून सांगितलं जातं.

"घातली होती. मी स्वतः घातली होती, मॅडम!"

पिंपात हात घालून दोघींनी तळ ढवळला. चिठ्ठी नव्हती. वर आला तो नुसता गाळ. बाईंनी तो ताटात पसरला आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. गाळात हिरवा भुसा होता. रंगवलेला. आणि काडीएवढा प्लास्टरचा तुकडा, एका टोकाला अणकुचीदार, चंदेरी रंग लावलेला.

"हे काय असते, मॅडम?"

"भाला," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे दिवाळीत किल्ला करत नाहीत?"

"नाही जी. आमच्याकडे नसते हे."

बाईंनी फुगलेला एक दाणा नखाने उकलला. लाडवातले हळीव भिजलेले असतात, गूळ-खोबऱ्यात शिजलेले असतात. हे कच्चे होते, आणि एखाद्याला तर वाळका मोडही होता. गोणीत आलेली माती कुठल्याशा जुन्या किल्ल्याची होती. मग चुलीची माती गेली कुठे?

त्या तडक विभागाच्या पुढच्या दाराशी गेल्या. जाचक झारीने पाणी घालत होते. राखाडी बालेकिल्ला उन्हात कसा डौलात उभा होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंनी चष्मा पुसला आणि त्या मागे फिरल्या. माती कुठे आहे ते कळलं होतं. ती तिथे नेली कोणी, ते कळायचं होतं.

४

मैनुद्दीनभाईंनी चहा पुढे ठेवला. कसब्यात चार पिढ्या काढलेला माणूस, बोलणं मोजकं.

"गेल्या सालच्या किल्ल्याची माती मीच गोण्यांत भरून ठेवली होती, बाई. भांडारात डाव्या भिंतीला किल्ला, उजव्या भिंतीला नमुने. शनिवारी मी लोणी काळभोरला, मामेभावाच्या लग्नात. किल्ला शनिवारीच झाला. सोमवारी येऊन बघतो तर डावी भिंत रिकामी, उजवी जशीच्या तशी भरलेली. मला काय कळणार?"

"तुम्ही आतली चिठ्ठी तपासता?"

"तपासल्याशिवाय गोणी दाराच्या आत घेत नाही. विचारा पोरांना, किती शिव्या देतात ते."

नम्रताला बोलावलं. ती आली तीच फुरंगटून. "मॅडम, हिवाळ्याची जागा मला हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण म्हणून मी तिची गोणी बदलेन? आणि बदललीच असती ना, तर आतली चिठ्ठी न घालण्याइतकी मी येडी आहे का? महिनाभर शेजारच्याच खड्ड्यात होते मी!"

"नाहीस," बाई म्हणाल्या. "जा. आणि एक लाडू ठेवून जा."

राहिला अभिनव. शनिवारी भांडाराची किल्ली त्याच्याकडे होती.

"किल्ली दिवसभर माझ्याच खिशात होती, मॅडम. कोणालाच दिली नाही."

"मग किल्ल्याची माती बाहेर कोणी काढून दिली?"

"मी. म्हणजे... मीच." त्याने कपाळावरचा घाम पुसला. ऑक्टोबरचा उकाडा असला तरी खोलीत पंखा चालू होता.

"आतली चिठ्ठी म्हणजे काय, सांग बघू."

तो गोंधळला. "मॅडम, मीच तर शिकवतो ते पोरांना! पहिल्या दिवशी, पहिला धडा."

"तेच म्हटलं," बाई म्हणाल्या, आणि त्याला जाऊ दिलं.

किल्लीबद्दल तो धडधडीत खोटं बोलत होता आणि चिठ्ठीबद्दल खरं. दोन्ही मिळून बाईंना हवं ते कळलं. मात्र कळल्याचा आनंद काडीचाही झाला नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पेपर तसेच, सह्या तशाच, आणि आता शुक्रवारी कोणाशी भांडायचं आहे तेही ठरलं.

५

शुक्रवारी दुपारी बाहेरच्या परीक्षक डॉ. बिलकिस इनामदार आल्या. जाचकांच्या खोलीत सगळे जमले. उत्कर्षा दाराशी, हातात बॅग, डोळे सुजलेले. पावशेर चिवडा समोर ठेवून जाचकांनी सुरुवात केली.

"इनामदारबाई, खेदाने सांगावं लागतं की या विद्यार्थिनीने बनावट..."

"थांबा सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "खेद नंतर करा. आधी मला दोन शब्द बोलू द्या."

त्यांनी रिकामी गोणी टेबलावर ठेवली, चिवड्याच्या अगदी शेजारी.

"या गोणीत जुन्या किल्ल्याची माती होती, आणि बाहेर उत्कर्षाची चिठ्ठी. आतली चिठ्ठी नव्हती. म्हणजे कोणीतरी खऱ्या गोणीची बाहेरची चिठ्ठी काढून या गोणीला बांधली. प्रश्न एवढाच, की त्याने आत दुसरी चिठ्ठी लिहून का नाही घातली? दोन ओळींचं तर काम. उत्कर्षाने बनाव केला असता तर तिने आधी तीच घातली असती. नम्रतानेही. अभिनव तर पोरांना शिकवतो. मैनुद्दीनभाई आतली चिठ्ठी नसेल तर गोणी दारात उभी करत नाहीत. हे सगळे चिठ्ठी विसरणं शक्य नाही. विसरला नाही कोणीच. एकाला ती असते हेच माहीत नव्हतं."

बाईंनी गोणीचं रिकामं तोंड सगळ्यांकडे फिरवलं.

"विभागात असा कोण आहे, ज्याने जन्मात स्वतःच्या हाताने गोणी भरलेली नाही?"

"भलतंच!" जाचक उसळले. "मी वीस उत्खननांचा संचालक आहे!"

"आहात की. काठावर, खुर्चीत, छत्रीखाली. सर, तुम्ही शिलालेखांचे मोठे जाणकार, त्यात वाद नाही. पण खड्ड्यात उतरलेलं तुम्हाला कुणी पाहिलेलं नाही. आणि आणखी एक. बुधवारी बाकी सगळे लाडवाबद्दलच बोलत होते. गोणीत दुसरी माती भरली, असं तुम्ही एकटेच म्हणालात. तुम्हाला कसं कळलं?"

जाचकांनी अभिनवकडे बघितलं. तिथेच चूक झाली.

"किल्ली सरांनी नेली होती," अभिनव भडाभडा बोलून मोकळा झाला. "शनिवारी. सोमवारी म्हणाले, कोणाला सांगायची गरज नाही. माझा प्रबंध त्यांच्या सहीसाठी अडकलाय, मॅडम. मी काय करणार होतो?"

"पुरावा काय आहे?" जाचक ओरडले. "हे सगळे तर्क झाले! पुरावा दाखवा!"

"पुरावा दारात उभा आहे," बाई म्हणाल्या. "भगवा झेंडा लावून."

६

जाचक खुर्चीत एकदम लहान दिसायला लागले.

"एक गोणी चुकून उजवीकडची आली हो," ते म्हणाले. "ओतली, पाणी मारलं, बालेकिल्ला थापला. मग बघतो तर चिठ्ठी पायाशी पडलेली. डावीकडची एक गोणी उरलीच होती. मला वाटलं, मातीच ती. मातीला माती."

"दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं वाचता तुम्ही, आणि उन्हाळ्यात लिहिलेली चिठ्ठी गोणी ओतायच्या आधी वाचता आली नाही? बरं, चुकलात तर चुकलात. त्याच दिवशी बोलायचं होतंत!"

"कसा बोलणार? विभागप्रमुखाने नमुन्याचा किल्ला केला, हे पुण्यात कळलं असतं तर?"

"म्हणून पोरीच्या डोक्यावर खापर फोडलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना तो उतरवायचा नव्हता. "लाज वाटायला हवी होती सर. तिचं आयुष्य तुमच्या दुसऱ्या नंबरापेक्षा स्वस्त आहे का?"

जाचक खाली बघत म्हणाले, "उद्या खणू या. संध्याकाळी मंडळाचे परीक्षक यायचेत. एक रात्र, सत्यशीलाबाई."

"तिची गाडी आज आहे. उत्कर्षा, बॅग ठेव. ट्रॉवेल घे."

मग पायरीशी जे झालं ते विभागाने यापूर्वी पाहिलं नव्हतं. बालेकिल्ल्याभोवती चार खिळे ठोकून दोरी ताणली. नम्रताने न सांगता मोजपट्टी धरली. आधी हळिवाची हिरवळ, मुळांसकट, अलगद सोलून बाजूला ठेवली. मग पाण्याने बसलेला वरचा पापुद्रा. मग आतली राखाडी माती, ट्रॉवेलच्या पात्याने, थराथराने. मावळे मैनुद्दीनभाईंनी रांगेने पायरीवर उभे केले. इनामदारबाई साडी सावरून शेजारी उकिडव्या बसल्या आणि बसल्या बसल्याच प्रश्न विचारू लागल्या. हा थर कसा ओळखलास? वरचे दाणे धरशील का? का नाही? उत्कर्षा हात न थांबवता उत्तरं देत होती. तोंडी परीक्षा कधी सुरू झाली हे तिला कळलंच नाही.

"वरची माती टाकून द्यायची, तिच्यात हळीव मिसळले," ती सांगत होती. "आतली ओली झाली, पण कोळशाला पाण्याने काही होत नसते. पाण्यातच तर सोडणार होतो आपण."

ट्रॉवेल कशाला तरी अडली. तिने ब्रश घेतला. मातीतून प्लास्टिकच्या पाकिटाचा कोपरा वर आला.

सगळे पुढे वाकले. तिने पाकीट बाहेर काढलं, ओढणीने पुसलं, सत्यशीलाबाईंकडे बघितलं आणि मग चालत जाऊन जाचकांपुढे धरलं.

"सर, आपण वाचा."

जाचकांनी चष्मा चढवला.

"चूल," ते वाचू लागले. "राखेचा थर. गोणी तिसरी. खणणार..." आणि थांबले.

"पुढचं वाचा सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "नाव राहिलं."

"खणणार, उत्कर्षा टेंभरे."

इनामदारबाईंनी पेन काढलं. "बनावट कुठे आहे म्हणालात, डॉक्टर?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गुण लिहायला घेतले. मैनुद्दीनभाईंनी राखाडी माती नव्या गोणीत भरली, आणि उत्कर्षाने चिठ्ठ्या घातल्या. दोन्ही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मंडळाचे तीन परीक्षक, फेटे बांधून, हातात वही घेऊन आत आले आणि समोर बघतच राहिले. तटांवर हिरवळ, खाली शेतं, पायरीवर रांगेने मावळे, आणि बालेकिल्ल्याच्या जागी दोरी लावलेला चौकोनी खड्डा.

"हा... हा किल्ला कोणाचा?"

कोपरापर्यंत मातीने माखलेली उत्कर्षा उठून उभी राहिली.

"केला सरांनी," ती म्हणाली. "माती माझी आहे."

परीक्षकांनी ते वहीत तसंच लिहून घेतलं. सत्यशीलाबाईंनी घड्याळ बघितलं. कोल्हापूरची गाडी स्वारगेटहून केव्हाच सुटली होती, आणि पेपरांवरच्या सह्या अजून व्हायच्याच होत्या.